डावीकडं थोडं हसणारी गौर

मुरगूडहून पावसात मोटारसायकलवर आलेला माणूस आधी स्वतःचं डोकं पुसंल, असं कुणालाही वाटेल. ह्यानं रेनकोटच्या आतनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, ते कोरडं हाय का बघितलं, आणि मग शिंकला.

"पावणं, चिखल बाहेरच झाडा. आत गणपती वाळत्यात," मी म्हणाले.

"व्हय, व्हय." त्यानं टॉवेल उघडला. आत गौरीचा मुखवटा होता. शाडूचा, जुना, गालांचा रंग उडालेला. "रंग नवा करून पायजे. तुमचे पप्पा करतील न्हवं?"

"पप्पा मोठ्या मूर्तीत अडकल्यात. गौरी मी रंगवते. विश्वास नसंल तर आमची कुंभारगल्ली मोठी हाय, फिरा."

"विश्वास हाय की... पण ठेवायचा कुणावर? तुमचं तोंडच दिसंना."

नाव विचारलं तर म्हणे राजवर्धन. नाव राजाचं आणि चपला दोन पायांत दोन वेगळ्या.

तोंड दिसत नव्हतं, कारण मास्क. कोरोना गेला, आमच्या सगळ्या शाहूपुरीनं मास्क टाकले, मी नाही टाकला. कुणी विचारलं तर शाडूच्या धुळीचं नाव सांगते. खरं म्हणजे माझा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. टाके घातले, जुळला, पण डावी बाजू जरा वर ओढलेलीच राहिली. नाव पूर्णिमा, आणि दोन स्थळं नुसता फोटो बघून गप झाली. दिवसभर देवाच्या तोंडावर हसू रंगवायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, असा माझा कारभार.

तो गेल्यावर मी मुखवट्याची नथ काढली आणि बघतच राहिले. गौरीचा ओठ डावीकडं वर गेलेला. वर शाडूचा एक ओबडधोबड थर.

"बाई गं, तुझंपण?" मी म्हणाले.

मग काय, मला वाटलं आपण उपकार करतोय. पॉलिश पेपर घेतला, थर घासून काढला, ओठ सरळ केला, वर झकास गुलाबी रंग दिला. दोन दिवसांनी राजवर्धन खुशीत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा घेऊन परत दारात.

"आक्का विचारत्यात, ही कोण बाई आणलीस?" आक्का म्हणजे त्याची आई, सगळं घर तिला आक्काच म्हणतं. "म्हणत्यात, अनोळखी बाई मी मखरात बसवणार न्हाय. यंदा जागा रिकामी राहील."

"अहो, उलट चांगली केली की मी तिला."

तो पेंटच्या डब्यावर बसला. मग त्यानं सांगितलं. आक्का नवी नवरी असताना पहिल्याच गौरीला त्यांच्या हातनं मुखवटा पडला. ओठ फुटला. आता सासू घर डोक्यावर घेणार, म्हणून त्या भिऊन उभ्या. सासूनं शाडू कालवला, आपल्या अंगठ्यानं ओठाला लावला आणि म्हणाली, "बघ, तुला बघून हसली."

तो अंगठा मी पॉलिश पेपरनं घासून काढला होता.

"फोटो असंल की एखादा, बघून तसाच ओठ परत करते," मी म्हणाले.

"हाईत ढीगभर. सगळ्यात ओठावर नथ."

गौरी यायला आठ दिवस होते. तो रोज यायचा. मी शाडू लावायची, तो मान वाकडी करून बघायचा.

"असं?"

"न्हाय... थोडं डावीकडं."

"असं?"

"आता लई हसली."

"मग तुम्हीच करा की."

"मी केलं तर रडंल ती."

मला हसू यायचं, मास्कच्या आत. हा माणूस मुखवट्याकडं बघतोय की त्याच्या पलीकडं, काही कळायचं नाही. आणि कळलं नाही की माझी चिडचिड व्हायची. चिडायचं कशाला, तेही कळायचं नाही.

चतुर्थीला सगळे गणपती घरोघरी गेले. रिकाम्या कारखान्यात ही एकटी गौर उरली. दुसऱ्या दिवशी मी मास्क खाली करून चहा पीत होते आणि हा न खाकरता आत आला. थबकला. माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"हे," तो हळू म्हणाला. "हे असंच... असंच होतं."

मी मास्क वर ओढला. "चेष्टा करताय माझी?"

"चेष्टा कशापायी करू? आमच्या गौरीचं हसू हाय हे. लहानपणापास्नं बघतोय मी."

"चला, बाहेर व्हा."

तो गेला. मला रडू फुटलं, आणि रडता रडता वाटत होतं, परत यावा. पप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी भिंतीवरचा आरसा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हातच्या काकणाला आरसा लागत न्हाय, पण तोंडाला लागतो. पावणा खोटं बोलतोय का, तूच बघ."

मी बघितलं. किती वर्षांनी, कुणास ठाऊक. आरशात बघून तोच ओठ शाडूत उतरवला, आणि शेवटी आपला अंगठा दाबला.

गौरी यायच्या आदल्या दिवशी राजवर्धन चारचाकी घेऊन आला. सोबत आक्का. त्यांनी मुखवटा हातात घेतला, ओठावरनं बोट फिरवलं.

"सासूबाईंचा अंगठा गेला," त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं, आक्का."

"चुकलं की. मीबी चुकलेच होते, पाडलीच होती तिला. तरी हसतीच ही." त्यांनी मुखवटा कपाळाला लावला. मग माझ्याकडं वळल्या. "तोंडाचं ते फडकं काढ बघू."

मी काढलं. आक्कांनी एकदा गौरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आत्ता कळलं, पोरगं रोज एवढं पेट्रोल कशापायी जाळतंय," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

राजवर्धनचे कान लाल झाले होते. बाहेर भुरभुर पाऊस. तो उगीच दाराची कडी हलवत उभा राहिला.

"एवढे दिवस कुणाकडं बघत होता? तिच्याकडं की माझ्याकडं?" मी विचारलं.

"आधी तिच्याकडंच. मग... माझाबी घोळच झाला." त्यानं कडी सोडली. "आक्का विचारत्यात, उद्या गौरीच्या भाजी-भाकरीला मुरगूडला येशीला का?"

"आक्का विचारत्यात?"

त्यानं वळून बघितलं. मांडीवर गौर घेऊन आक्का गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या.

"न्हाय," तो म्हणाला. "मीच विचारतोय."

मला हसू आलं. हात सवयीनं तोंडाकडं गेला... आणि अर्ध्यातनंच मी तो खाली आणला. तो बघत होता. ह्या खेपेला कुणाकडं, ते मला विचारावं लागलं नाही.