कोतवालाची पावलं

आत्या दार अडवून उभी होती.

“माझ्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही अजून, आणि बाईसाहेब निघाल्या भुताचा सिनेमा बघायला. भरदुपारी!”

“रात्री गेले असते तर तुलाच झोप लागली नसती, आत्या.” ती चपला शोधत होती. “आणि बाबांचा सिनेमा आहे तो.”

“त्याच सिनेमानं खाल्लं त्याला. मेलेल्याची चाल उचलू नये. उचलली की तो मागून येतो.”

“येऊ दे की. मला तर पुढे चालणाऱ्यांचाच जास्त त्रास होतो.”

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि दार सोडलं.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिचा डॉक्टरांवर विश्वास होता. चाळीस वर्षं बाबांनी सिनेमातल्या पावलांचे आवाज काढले. पडद्यावर नट चालतो तेव्हा ऐकू येणारा बुटांचा आवाज बहुतेक वेळा त्याचा नसतोच. एका बंद खोलीत, समोर चित्र बघत, दुसराच कुणीतरी फळ्यांवर, वाळूच्या ट्रेमध्ये, फुटक्या फरशीवर जागच्या जागी चालत असतो. तो दुसरा कुणीतरी म्हणजे बाबा. आणि गेली अकरा वर्षं त्यांच्या शेजारी तीही. चालताना तिची टाच आधी पडायची, म्हणून ते तिला टाचूबाई म्हणत.

त्यांचं शेवटचं काम होतं कोतवालाचं. दोनशे वर्षांपूर्वी शहरात साथ आली, तेव्हा या कोतवालानं आजारी माणसांची घरं बाहेरून बंद करवली. शाळेच्या पुस्तकात त्यानं शहर वाचवलं होतं. चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बंद घरांत मागे कोण राहिलं, ते पुस्तकात नव्हतं, सिनेमात होतं. सिनेमातला कोतवाल अजून गल्ल्यांतून फिरत होता, लढाईत मोडलेला उजवा पाय ओढत, आणि ज्या दारापुढे त्याची पावलं थांबत ते दार पुन्हा उघडत नसे. सिनेमाची नुसती जाहिरात लागली आणि वर्तमानपत्रांत संतापलेली पत्रं आली. थोर पुरुषाची विटंबना, वगैरे. बाबा मात्र बेहद्द खूश होते.

“इतकी वर्षं त्या पुतळ्याकडे कावळ्यांशिवाय कुणी बघत नव्हतं,” ते म्हणाले होते. “आता माणसं वळून बघतात. आणि आयुष्यभर मी नायकांची पावलं वाजवली, टाचूबाई. आत्ता कुठे एक भूत पदरात पडलं.”

शेवटची वीस मिनिटं उरली असताना ते गेले. ती तिनं पुरी केली. बाबांचे जाड तळांचे बूट घालून, पुढे कागदाचे बोळे कोंबून, उजवा पाय ओढत. नामावलीत नाव एकट्या बाबांचंच राहिलं. ती वीस मिनिटं तिची, हे ठाऊक होतं फक्त रेकॉर्डिस्टकाकांना, आणि आदल्या दिवशी त्यांचाच फोन आला होता.

“शेवटच्या भागात घोळ आहे गं. कोतवाल एकटा चालतोय आणि पावलं जास्तीची येतायत. दिग्दर्शक चिडलेत. परवा सकाळी ये. नव्यानं करू, जुनं पुसून टाकू. पुढच्या आठवड्यात सगळीकडे नवी प्रत लागेल.”

“पुसायच्या आधी मी ऐकणार,” ती म्हणाली होती.

थिएटर अर्धं भरलं होतं. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत ती बसली, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा घेऊन. रडू येणार हे धरून तिनं दोन रुमाल आणले होते. त्यांची गरजच पडली नाही. पहिल्याच प्रसंगात चौकातला चौथरा रिकामा दिसला, आणि धुक्यातून बाबांचा उजवा पाय घासत आला. मग डावा, जड, ठाम. पुढच्या रांगेतला पैलवानासारखा माणूस खुर्चीत चिमणीएवढा झाला. तिला हसू फुटलं.

मग ती मनसोक्त घाबरली. ओरडली. शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. पुस्तकातला तो सभ्य, करारी माणूस हिरव्या गंजलेल्या ओठांनी दारांना कान लावत होता, आणि दर वेळी तिच्या पाठीतून एक गोड शिरशिरी जात होती. सहा आठवडे सगळ्यांनी तिच्याशी हळू आवाजात बोलून तिला आजारी करून टाकलं होतं. इथे कुणी हळू बोलत नव्हतं.

“तुम्हाला हसू कसं येतं हो?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“माझे वडील आहेत ते.”

“कोण, कोतवाल?”

“त्याची पावलं.”

बाईनं आपला हात काढून घेतला.

मग तिची वीस मिनिटं सुरू झाली.

टाच आधी. कितीही लपवलं तरी टाच आधी. बाबांनी लगेच पकडलं असतं. ती कान देऊन ऐकत राहिली. आणि तिच्या पावलाच्या आत तिला दुसरं पाऊल ऐकू आलं. अख्खा तळवा एकदम टेकवणारं. पुढे बोळे न कोंबलेल्या, पायात घट्ट बसलेल्या बुटाचं. हे पाऊल जिन्यावर ऐकून ती लहानपणी पुस्तक मिटून दाराशी धावायची.

प्रतिध्वनी असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण प्रतिध्वनी मागून येतो. हे कधी तिच्या मागून पडत होतं, कधी तिच्या आधी.

पडद्यावर कोतवाल एका दारापुढे थांबला. तिची पावलंही थांबली.

दुसरं पाऊल एकदा पडलं. पडद्यावर नाही, तिच्या खुर्चीला लागून असलेल्या वाटेवर.

तिनं मान वळवली. वाट रिकामी होती. वाटेवर जाड गालिचा होता, आणि आवाज तर लाकडाचा आला होता.

सिनेमा संपला तेव्हा टाळ्या वाजवणारी ती एकटीच होती. तिनं त्या भरपूर वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत पोचली तेव्हा रेकॉर्डिस्टकाका काचेपलीकडे आपल्या यंत्रासमोर बसले होते, नजर आवाज मोजणाऱ्या काट्यांवर. काम चालू असताना ते काचेतून माणसाकडे कधी बघत नसत. माणूस लबाडी करतो, काटा करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“जुनं पुसायचं नाही, काका.”

“हट्ट घरी कर, बाई. कामात नको.”

“त्यात बाबा आहेत.”

 काका काट्यांवरून नजर न उचलता म्हणाले, “ती वीस मिनिटं तू चाललीस. मी स्वतः रेकॉर्ड केलंय.”

“म्हणूनच सांगते. मी पुन्हा करते. पावलं एकटीची आली तर खुशाल पुसा. जास्तीची आली तर जुनं आहे तसं राहील.”

“आणि दिग्दर्शकांना काय सांगू मी?”

“सांगा, भुताचा सिनेमा आहे. भूत आलं.”

काका हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर जाड कापड, मध्ये लाकडी फळ्यांचा चौरस, समोर पडदा. बाबांचे बूट भिंतीशी ओळीनं ठेवले होते. तिनं ते घातले नाहीत. अनवाणी फळ्यांवर गेली आणि मधोमध उभी राहिली. ती चालणारच नव्हती. हे तिनं बसमध्येच ठरवलं होतं. चालायचं त्यानं चालावं.

लाल दिवा लागला. पडद्यावर गल्ली आली, गल्लीत कोतवाल.

तिनं श्वास धरला.

खोली गप्प होती.

मग तिच्या अगदी शेजारी अख्खा तळवा एकदम टेकला.

पुन्हा. चित्राबरोबर, केसभर मागे, बाबा शिकवायचे तसंच. तिच्या तळव्यांना फळी थरथरलेली कळत होती. तिनं शेजारी पाहिलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू आलं, आणि तिनं ते आवाज न करता येऊ दिलं, कारण माइक चालू होता.

काचेपलीकडे काका मान खाली घालून काट्याकडे बघत होते. काटा उडत होता.

भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा नेहमीचा, कामातला आवाज आला.

“छान. फक्त माइकला फार खेटलात. तिघंही एकेक पाऊल मागे सरा.”

ती जागची हलली नाही.

तिच्या डावीकडची फळी करकरली. मग, जरा उशिरानं, घासत, उजवीकडची.