फक्त त्यालाच दिसणारा अभिप्राय

शेवटी दिपमालाने योगराजला हो म्हटलं, तेही ओरडून. आता हे विसरून जा. अजून असं काही झालेलंच नाही. दिपमालाला विचाराल, तर ती योगराज नावाच्या कुणालाही ओळखत नाही.

तर हा अनोळखी योगराज एप्रिलच्या उन्हात, धुळ्याच्या साक्री रोडवर, गोणपाटात जळकी मोटार घेऊन उतरला. नरडाण्याच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. जायचं होतं बायपासवरच्या रतिलालच्या दुकानात. पण एक एचपीची मोटार खांद्यावर असली की माणूस फार विचार करत नाही. दिसेल त्या सावलीत टेकवतो. सावली दिपमालाच्या, जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानाची निघाली.

आत ती एका मोटारीतली काळी पडलेली तार उपटत होती. कपाळावर घाम, बोटांना वार्निशचा वास, केसांत तांब्याचा एक बारीक तुकडा चमकत होता...

"मोटार भरणारे भाऊ कुठे आहेत?"

"समोरच आहेत," ती म्हणाली. "भाऊ नाहीत, एवढंच."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घाईघाईने मोटारीकडे. "किती दिवस लागतील?"

"मोटारीला दोन. तुम्हाला काय झालंय?"

"मला... ऊन लागलंय बहुतेक."

"ते इथे भरून मिळत नाही."

दोन दिवसांनी मोटार इतकी मुकाट चालली, की चालू आहे का ते हात लावून बघावं लागलं. मग योगराजने बातमी सांगितली. कारखान्याच्या सगळ्या मोटारींचं वर्षाचं काम एकाच दुकानाला द्यायचं होतं. मात्र जळगावला बसणारे खरेदीवाले साहेब दुकान बघत नसत, फोन बघत. शनिवारी बारापर्यंत फोनमधल्या नकाशावर, दुकानाच्या नावाखाली, ग्राहकांचे किमान दहा अभिप्राय हवेत! रतिलालचे चारशे बारा होते. त्यातल्या एकात लिहिलं होतं, 'जेवण चविष्ट, गाडी लावायला जागा आहे.'

दिपमालाचा एकही नव्हता. 'पोरगी मोटार भरते' म्हटल्यावर नवी गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत फिरत. हे काम मिळालं नाही, तर तिच्या वडिलांनी, तोतारामनानांनी, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं.

"मी आजच लिहितो," योगराज म्हणाला. तो मंगळवार होता.

बुधवारी तिने त्याला फोनवरच धरलं. "लिहितो म्हणालात ना? कुठे आहे?"

तो पुढच्या एसटीने आला. त्याच्या फोनवर अभिप्राय होता. पाच तारे, चार ओळी. तिच्या फोनवर नुसता दुकानाच्या पायरीचा फोटो.

"मला तर दिसतंय हो!"

"ज्याचं त्यालाच दिसतं त्याला स्वप्न म्हणतात. अभिप्राय नाही."

गुरुवारी नानांनी जुनी गिऱ्हाइकं असलेल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना अभिप्राय लिहायला बोलावलं. चोवीस जण आले. शहरात येतोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून सतरा जणांनी नादुरुस्त मोटारीही आणल्या. योगराजने एक झकास मजकूर लिहून सगळ्यांना पाठवला आणि चोवीस जणांनी दुकानाच्याच वायफायवर, वीस मिनिटांत, तो जसाच्या तसा चिकटवला. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर असतं तसं खाली प्रत्येकाने आपलं नाव टाकलं. 'शुभेच्छुक: भाईदास, मो. नं. अमुकअमुक.'

शुक्रवारी दिसलेले अभिप्राय: शून्य.

दिपमालाने नकाशावाल्या कंपनीचे नियम काढले आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. "फोन नंबर चालत नाही! सारखा मजकूर चालत नाही! एकाच जागेवरून एकदम लिहिलं की कंपनीच्या मशीनला संशय येतो! योगराज, तुम्ही चोवीस सरळ माणसांची टोळी करून टाकलीत!"

"कौतुक असंच करतात ना आपल्याकडे..."

नाना कोपऱ्यातून म्हणाले, "नंबर नही टाका ते कोन खरं मानी, पोरी? कौतुक करनारानी सामने उभं ऱ्हावाले पाहिजे."

"मशीनला सांगा हे! रतिलालकडचं जेवण त्याला पटतं, आणि भाईदासकाकांची मोटार पटत नाही!"

शनिवारी बारा वाजता काम रतिलालला गेलं. सांगायला योगराज स्वतः आला, कारण फोनवर सांगायची त्याची छाती झाली नाही. दिपमालाच्या हातात पाना होता. सतरा मोटारी सगळ्या दुकानभर पसरल्या होत्या, त्यामुळे त्याला दारातच उभं राहावं लागलं.

"त्या चोवीस जणांचं कळलं मला," ती म्हणाली. "पण तुमचा? त्यात नंबर नव्हता. तुम्ही नरडाण्याहून लिहिलात. त्याला काय धाड भरली? वाचा."

"राहू द्या ना..."

"वाचा!"

त्याने वाचलं. "'मोटार बेस्ट चालते. आवाज अजिबात नाही. भरणाऱ्या बाई रागावतात, तो आवाज मात्र नरडाण्यापर्यंत कानात राहतो. मोटार लवकर पुन्हा जळावी, असं मनापासून वाटतं.'"

दिपमालाने फोन काढून कंपनीचा शेवटचा नियम पुन्हा वाचला. दुकानदाराशी जवळचं नातं असलेल्यांनी लिहू नये.

"तुमचं-आमचं नातं काय आहे?"

"अजून... तरी काही नाही."

"मग मशीनला कसं कळलं?"

"वाचलं असेल त्याने..."

"मशीनला मंगळवारी कळलं!" ती कडाडली. "आणि मला शनिवारी! परक्या कंपनीला कळवलंत, आणि जिला कळवायचं तिला तेवढं दिसू नये? तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं. आहे. सांगतो, आधी तो पाना खाली ठेवता का?"

"नाही."

"बरं." त्याने पान्याकडे एकदा बघून घेतलं. "दिपमाला, तुम्ही मला आवडता. रागासकट. माझ्याशी लग्न कराल?"

"हो!" ती इतक्या जोरात म्हणाली, की शेजारच्या पंक्चरवाल्याने आत डोकावून कोण भांडतंय ते पाहिलं.

नानांनी सतरा मोटारी पुन्हा एकदा मोजल्या. "कव्हरवालाले नही सांगी दे," ते म्हणाले, आणि पाय पसरून बसले.

दिपमालाचा राग मात्र उतरला नव्हता. त्याला कुठेतरी लावणं भाग होतं. संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून कंपनीला अर्ज लिहिला:

'प्रति, मा. अभिप्राय अधिकारी (असल्यास). महोदय, अर्जदार क्र. १ यांचा अभिप्राय आपण नात्याच्या कारणास्तव दडवला असावा, असे दिसते. तथापि मंगळवारी सदर नाते अस्तित्वात नव्हते. ते शनिवारी दुपारी पावणेचार वाजता जुळले. सबब, मधला कालावधी नातेविरहित म्हणून प्रमाणित करून सदर अभिप्राय तेवढ्या मुदतीपुरता पूर्वलक्षी प्रभावाने सर्वांस दाखवण्यात यावा, आणि जळगावच्या खरेदी साहेबांनी तो त्याच मुदतीत वाचला होता, असे मानण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'