फेब्रुवारीचे क्रॅनवेल

"थांबा, थांबा! दाढी करताय की काय त्याची?"

टॅबिथाचा हात हवेतच राहिला. तळहातावर दाढीच्या फेसाचा गुबगुबीत ढीग, समोर थडग्यावरचा पावणेतीनशे वर्षांचा काळा दगड, आणि मागे बादली घेऊन उभा असलेला एक तरुण. भुवयांवर एप्रिलच्या भुरभुर पावसाचे थेंब, डोळ्यांत राग.

"अक्षरं दिसत नाहीत," ती म्हणाली. "फेस लावून पुसला की खाचांत पांढरं उरतं. वंशावळ शोधणारे सगळेच करतात."

"सगळेच करतात, म्हणून तर माझं पोट भरतं. आम्ल असतं त्यात. दगड खातं."

टॅबिथा ओशाळली, कारण ती रसायनशास्त्र शिकलेली होती आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर आम्लच मोजत बसायची. तिनं हात मागे घेतला, पुसायला काही सापडेना, तेव्हा सगळा फेस स्वतःच्याच कोटाला फासला.

तो हसला. राग कुठल्या कुठे गेला. त्यानं पिशवीतून आरसा काढला आणि ढगांतून डोकावणारं ऊन दगडावर तिरपं पाडलं... अक्षरं एकदम उठून उभी राहिली. जोसाया क्रॅनवेल. मृत्यू १४ जून १७४१. त्याखाली आणखी एक ओळ सुरू होत होती, पण तिचे नुसते शेंडे दिसत होते. खाली गवत. दगड जमिनीत खचला होता.

"क्रॅनवेल म्हणजे ते कॅप्टनवाले?" त्यानं विचारलं.

"नाही," टॅबिथा म्हणाली. "आम्ही फेब्रुवारीचे."

"हे काय आडनाव झालं?"

"तुम्ही थॉर्नबरीचे नाही वाटतं!"

तो जवळच्या फॉल रिव्हर शहरातला होता. टियागो फर्टाडो. आजोबा गवंडी, बाप गवंडी, आणि हा जुन्या दगडांचा डॉक्टर. त्या वर्षी थॉर्नबरीच्या स्मशानातले खचलेले दगड सरळ करायला गावानं त्याला नेमलं होतं. मग टॅबिथानं त्याला सगळं सांगितलं, तेही पावसात, छत्री न उघडता.

कॅप्टन ओबडाया क्रॅनवेल हा गावातल्या पहिल्यावहिल्या शेतकरी-फौजेचा अधिकारी. गावाच्या जुन्या नोंदवहीत त्याचं लग्न एप्रिल १६६८ मधलं, आणि थोरल्या मुलाचा, जोसायाचा बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमधलं नामकरण, २१ फेब्रुवारी १६६८ चं. दीडशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबुवांनी गावाचा इतिहास छापला, त्यात लिहिलं की लग्नाआधीच जन्मलेलं हे मूल कॅप्टनचं मानता येत नाही. झालं! धाकट्या भावंडांचे वंशज कॅप्टनचे ठरले, आणि जोसायाचे वंशज 'फेब्रुवारीचे'. दर जूनमध्ये कवायत दिनाची मिरवणूक निघते. कॅप्टनचे वंशज रस्त्यावरून चालतात. त्यांच्यातला सर्वांत वयस्क माणूस कॅप्टनच्या ढोलावर पहिला ठोका मारतो.

"आणि फेब्रुवारीचे?"

"फूटपाथवर. टाळ्या वाजवायला."

तिचे आजोबा एल्डन सत्त्याऐंशी वर्षांचे होते. गावात पस्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं, प्रत्येक कुत्र्याला नावानं ओळखलं, आणि प्रत्येक जूनमध्ये टोपी छातीशी धरून फूटपाथवर उभे राहिले. गावातले सर्वांत वयस्क क्रॅनवेल तेच. त्यांचं हृदय थकलं होतं. पुढच्या जूनबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. म्हणजे जे काही करायचं, ते याच जूनच्या आत.

"एवढा मोठा होता का हा कॅप्टन?" टियागोनं विचारलं.

"तीस शेतकऱ्यांना भाले धरायला शिकवलं. आणि लढाईत मूळ रहिवाशांची दोन गावं जाळली, ते मिरवणुकीत कुणी वाचून दाखवत नाही." ती जरा थांबली. "मला कॅप्टन नकोच आहे. मला फक्त आजोबा फूटपाथवरून खाली उतरलेले बघायचेत."

तिच्या कोटावरचा फेस टियागोनं आपल्या रुमालानं पुसून काढला... अगदी हळू, जणू तोही जुना दगड होता.

चूक कुठे झाली ते टॅबिथाला ठाऊक होतं. त्या काळी नवं वर्ष जानेवारीत नव्हे, पंचवीस मार्चला लागायचं. म्हणजे एप्रिल १६६८ मध्ये लग्न झालं, आणि त्यानंतर दहा महिन्यांनी आलेला फेब्रुवारीसुद्धा १६६८ मध्येच मोजला गेला. आपल्या हिशेबानं तो १६६९. शिवाय बाप्तिस्मे होत रविवारी, आणि तिनं मोजून पाहिलं होतं: २१ फेब्रुवारीला १६६८ मध्ये शुक्रवार येतो, १६६९ मध्ये रविवार!

हे घेऊन ती वंशज मंडळाच्या अध्यक्ष मिसेस व्हिटकोम्ब यांच्याकडे गेली. बाईंनी चहा दिला, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "गणित गोड आहे गं. पण काही गावांत तेव्हाही जानेवारीतच वर्ष बदलायचं. आपला वहीवाला कोणत्या मताचा होता, मला काय ठाऊक? आणि त्यानं वार कुठे लिहिलाय? त्या काळचं, कुणीतरी लिहिलेलं काही आण. एक जूनच्या आत."

"मला पटलं असतं," टियागो नंतर म्हणाला.

"तुम्ही मंडळात नाही."

"म्हणून तर माणसं अजून माझ्याशी बोलतात."

त्या काळचं लिहिलेलं काही... ते तर दगडाच्या बुडाशी, मातीत होतं. थडग्याच्या दगडावर वय कोरायची त्या काळी पद्धत होती, वर्षं, महिने आणि दिवससुद्धा! पण जोसायाचा दगड टियागोच्या यादीत सतरावा. क्रम मोडायचा तर गावाची परवानगी हवी, आणि ती कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

"सोळा दगड मेच्या अखेरपर्यंत होतील?" तिनं विचारलं.

"एकट्याला नाही. बादल्या उचलणारं कुणी असेल तर..."

मग दर शनिवारी ती बादल्या उचलू लागली. मऊ ब्रशनं, नुसत्या पाण्यानं, खालून वर कसं घासायचं ते शिकली. तो आजीच्या हातचा गोड पाव आणायचा, ती थर्मासमध्ये कॉफी. पावसात दोघं एकाच ताडपत्रीखाली बसत. ती भूर्ज झाडाखालच्या ओल्या मातीचा वास घेत असे, आणि तो... तो बहुधा तिच्याकडे बघत असे, कारण तिनं मान वळवली की तो घाईघाईनं पाव कापू लागे.

"आधीच कापलाय तो," ती एकदा म्हणाली.

"आणखी बारीक करतोय."

"चमच्यानं?"

मेच्या शेवटच्या शनिवारी सतरावा दगड आला. दगड उचलायचं तिकाटणं उभं राहिलं, पट्टे बांधले गेले, साखळी कुरकुरली. दगड बोटभर, मग वीतभर वर आला. खालचा भाग चिखलानं माखलेला होता.

"तू घास," टियागो म्हणाला. "तुझा माणूस आहे."

तिनं घासलं. खालून वर. टियागोनं आरसा धरला आणि वाचू लागला—

"वय... बहात्तर वर्षं..."

"पुढे!"

"तीन महिने... थांब, माती आहे... आणि चोवीस दिवस."

तिनं बादलीच्या झाकणावर चिखलाच्या बोटानं वजाबाकी मांडली. १४ जून १७४१. बहात्तर वर्षं मागे, तीन महिने मागे, चोवीस दिवस मागे... बोट थांबलं.

"अठरा फेब्रुवारी," ती कुजबुजली. "सोळाशे एकोणसत्तर. तीन दिवसांनी रविवार, तीन दिवसांनी बाप्तिस्मा... टियागो, लग्नानंतर दहा महिन्यांनी!"

आणि तिनं चिखलाच्या हातांनी त्याला मिठी मारली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन मागे सरकू लागली, पण तो काही मागे सरकेना.

"माझ्या शर्टाला चिखल लागलाय," तो तिच्या केसांत म्हणाला.

"माझ्या कोटाला फेस लागला होता. फिटंफाट."

मिसेस व्हिटकोम्ब स्वतः चिखल तुडवत आल्या. ओळ तीनदा वाचली, वहीत हिशेब केला, दुसऱ्यांदा केला. मग दगडाकडे बघत म्हणाल्या, "पाद्रीबुवा माझ्या पणजोबांचे सख्खे भाऊ. आमच्याच घरात बसून लिहिलाय त्यांनी तो इतिहास. एल्डनकडे मी स्वतः जाते."

कवायत दिनाला ऊन लख्ख पडलं. एल्डन आजोबा टपाल खात्याचा जुना निळा कोट घालून आले, आणि छातीवर त्यांनी हातानं लिहिलेली पट्टी टाचली होती: 'फेब्रुवारीचे क्रॅनवेल'.

"आजोबा, आता ते नाव कशाला?"

"दीडशे वर्षं पुसलं नाही गेलं," आजोबा म्हणाले. "आता ते माझं आहे."

ते फूटपाथवरून खाली उतरले. आजोबांनी टिपरी उचलली आणि पहिला ठोका असा मारला की झाडावरचे कावळे उडाले. मग टाळ्यांचा असा पाऊस पडला की दुसरा ठोका कुणाला ऐकूच आला नाही.

टॅबिथा त्यांच्या मागे चालू लागली आणि चार पावलांवर थांबली. फूटपाथवर टियागो उभा होता, टोपी छातीशी धरून.

"ये ना," ती म्हणाली.

"मी कुठल्या नात्यानं? इथे फक्त वंशज चालतात."

"आणि त्यांची माणसं," पुढून मिसेस व्हिटकोम्ब न वळताच म्हणाल्या. "नियम क्रमांक चार."

टियागोनं टॅबिथाकडे पाहिलं. "मी तुझा माणूस आहे का?"

"एप्रिलपासून," ती म्हणाली. "तू मला ओरडलास ना, तेव्हापासून."

"मी तर त्याच्याही आधीपासून. तू फेस हातावर घेत होतीस, तेव्हापासून. ओरडायला मुद्दाम उशीर केला... बघत होतो."

"दगडाला धोका होता की!"

"दगड थांबला असता."

ती हसत सुटली. मग तिनं हात पुढे केला, आणि तो फूटपाथवरून खाली उतरला.