विहिरीतलं हिरवं पाणी

"ओत, सगळं पाकीट ओत!" ईशा दारातून कुजबुजली.

शिमग्यातून उरलेला हिरवा रंग ऋत्विकने देवळामागच्या नव्या संडासात उपडा केला. निशिगंधा वरून बादल्याच्या बादल्या पाणी ओतत होती.

"तुझ्या काकांनी विचारलं तर गो?" ऋत्विक म्हणाला.

"काका विचारतात कुठे? ते फक्त सांगतात!" निशिगंधाने बादली आपटली.

ती चिडली होती ते उगाच नाही. मंडणगडजवळच्या त्यांच्या वाडीत मे महिन्यात मुंबईकर आले, त्यांच्यासाठी हा संडास उघडला, आणि थोड्याच दिवसांत पोरांना जुलाब सुरू झाले. तिचा धाकटा भाऊ रघू तर तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पडला होता. गंमत अशी, की आजारी पडली ती फक्त खालच्या विहिरीचं पाणी पिणारी घरं! वरच्या झऱ्यावर जाणारे ठणठणीत!

तिघांनी हे महेंद्रकाकांना सांगितलं. निशिगंधाचे हे काका स्वच्छता समितीचे अध्यक्ष. ते हसले. "आंबे जास्त खाल्ले असतील! तपासणीला साहेब येणार आहेत, उगाच बोभाटा नको. जा, खेळा!"

पुन्हा सांगितलं. पुन्हा "जा, खेळा!"

म्हणून आता हा रंग. संडासातलं पाणी विहिरीत झिरपत असेल, तर हिरवं दिसेल!

तिघं धावत विहिरीवर गेली. "आज इथलं पाणी नेऊ नका!" ईशा रहाटाशी हात पसरून उभी राहिली. बायका वैतागल्या. कुणी हंडा आपटला, कुणी "शिंगं फुटली काय गो?" म्हणून ओरडलं. दुपार झाली, ऊन चढलं, तरी काहीच दिसेना. ऋत्विक रडकुंडीला आला.

"आपलंच चुकलं असेल..."

"थांब! तिकडे बघ!" निशिगंधा ओरडली.

देवळाच्या बाजूला विहिरीच्या जांभ्याच्या भिंतीला फट होती. तिच्यातून हिरवी धार ओघळत होती!

संध्याकाळी देवळात सभा भरली. "आपल्या गावात घरटी संडास! बक्षीस आपलंच!" काका बोलत होते. निशिगंधाने त्यांच्यापुढे पेला धरला.

"हे कसलं सरबत?"

"आपल्या विहिरीचं पाणी. घ्या ना, काका."

तिने सगळं सांगितलं.

"रंग तुम्हीच विहिरीत टाकलात!" काका गरजले.

"मग चला, दाखवतो!" ऋत्विकही ओरडला.

सगळी सभा विहिरीवर गेली. धार अजून वाहतच होती. प्रभावतीआजी काठावर मटकन बसल्या. "म्हणजे इतके दिवस आपण... शी! माझ्या नातवालापण मी हेच पाजलं!"

काकांचा चेहरा उतरला. घाईघाईत त्यांनी संडासाच्या टाकीला तळ न घालताच ती विहिरीच्या वरच्या अंगाला खोदवली होती. कातळाला भेगा आहेत, हे ठाऊक असूनही.

त्यांनी तिथल्या तिथे संडासाला कुलूप लावलं. विहीर उपसून, औषध टाकून होईपर्यंत झऱ्याचंच पाणी प्यायचं ठरलं. नवी टाकी पक्क्या तळाची, विहिरीपासून लांब, खालच्या उतारावर, सगळ्या वाडीने मिळून बांधायची.

"शाबास पोरांनो! आमचे डोळे उघडलेत!" आजींनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. टाळ्या वाजल्या.

निशिगंधाला मात्र हसू येईना. "आधीच ऐकलं असतं तर रघूला सुया टोचाव्या लागल्या नसत्या!" तिला रडू फुटलं.

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. "चुकलो गो पोरी. सांग, आता काय करू?"

"आधी दवाखान्यात चला," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि रघूला हे तुम्ही स्वतः सांगा!"