दिवे लागलेलं मशीन

लेनर्ड कुबॅकीची व्हॅन सापडली ती रेल्वे स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये, बर्फाच्या ढिगाऱ्यात अर्धी गाडलेली. बर्फ ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने दोन-तीन दिवस तिला वळसा घातला. मग त्याला राहवलं नाही, आणि त्याने पोलिसांना फोन केला.

काउंटी पोलिसांतली डिटेक्टिव्ह रेनाटा वर्बा आली, तिने मागचं दार उघडलं. आत तारांची भेंडोळी, फ्यूजचे डबे आणि सगळ्यांच्या वर व्यवस्थित ठेवलेली हत्यारांची पेटी. काही सांडलेलं नव्हतं, काही फुटलेलं नव्हतं. हा नीटनेटकेपणा तिला आवडला नाही.

लेन पिनबॉलची, म्हणजे नाणं टाकून चेंडू उडवायच्या खेळाची, मशीनं दुरुस्त करायचा. उमेदीची सगळी वर्षं ती बनवणाऱ्या शिकागोच्या कारखान्यात गेली. कारखान्यातून कमी केल्यावर त्याने ओडेल प्रुइट या जुन्या सोबत्याबरोबर दुरुस्तीचं दुकान थाटलं. त्या दिवशी तो विलो लेकच्या काठावरच्या एका घरी मशीन बघायला गेला आणि परत आलाच नाही. स्टेशनजवळ गाडी लावून तो आगगाडीने कुठेतरी निघून गेला असणार, असं रेनाटाच्या साहेबांचं म्हणणं पडलं. लेनची बायको फ्लॉरेन्स हे ऐकून नुसती मान हलवत राहिली. आगगाडीत बसलं की लेनला ओकाऱ्या होतात, ती म्हणाली. हनिमूनलासुद्धा ते दोघे बसने गेले होते.

रेनाटा तळ्यावर गेली.

घर वॉरन टीडमनचं. साठीतला, रुंद खांद्यांचा, एकटा राहणारा माणूस. त्याने तिला कॉफी दिली आणि विचारायच्या आधीच तळघरात नेलं. तिथे भिंतीला टेकून मशीन उभं होतं. वरच्या काचेवर सिंहांसमोर चाबूक उगारलेली बाई रंगवलेली. लाकूड पॉलिशने चकाकत होतं. खोलीत दुसरं काहीच नव्हतं, एक खुर्ची सोडून. खुर्चीचं तोंड मशीनकडे.

"कुबॅकीला तुम्हीच बोलावलं?"

"हो. फोनच्या पुस्तकात जाहिरात होती. मशीन एकदम मेलं होतं. दिवासुद्धा लागेना."

"त्याची तुमची ओळख?"

"त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला."

"मग काम झालं?"

"झालं की. दिवे लागले. आम्ही दोघं एक डावही खेळलो. हरवलं त्याने मला." टीडमन हसला. "सामान आवरलं आणि दुपारी गेला. स्टेशनकडचा रस्ता विचारत होता."

"मी मशीन चालू झालेलं पाहू शकते?"

टीडमनने पेटीच्या पोटाखाली हात घालून बटण दाबलं. सिंहांचे डोळे पेटले. काचेखालचे लाल-पिवळे दिवे उजळले. वर आकड्यांच्या चार खिडक्या होत्या, त्या काळ्याच राहिल्या. रेनाटाने जन्मात पिनबॉल खेळला नव्हता. नाणं टाकल्यावर आकडे उमटत असतील, असं तिला वाटलं. टीडमनने लगेच बटण बंद केलं.

"छंद जुना दिसतो," ती म्हणाली.

"माझा शिकागोजवळ सीसेरोला बार होता. आग लागली. भागीदार त्यात गेला. काचेचा एक पेलासुद्धा वाचला नाही. मग इथे येऊन राहिलो. आता हे मशीन आणि मासे."

तळघराच्या अरुंद खिडकीतून गोठलेलं तळं दिसत होतं. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपट्या तिथे घोळक्याने उभ्या होत्या. तपकिरी रंगाची एकच खोपटी फार दूर, एकटी होती.

"ती तुमची?"

"मला गर्दी सोसत नाही."

बाहेर पडताना काठावर एक म्हातारा घसरगाडी ओढत चालला होता. रेनाटाने त्याला सहज विचारलं. टीडमनचं काय बिघडलंय कोण जाणे, तो कुरकुरला. सगळा हिवाळा आमच्यात बसला, आणि आता मध्येच खोपटी ओढत नेली पार तिकडे. तिथे पाणी खोल, गळाला काही लागत नाही. जवळ गेलं तर कुत्र्यासारखा अंगावर येतो.

रेनाटाने वळून त्या दूरच्या खोपटीकडे पाहिलं. 

लेनची पेटी घेऊन ती दुकानात गेली. ओडेल प्रुइट हा उंच, सावकाश बोलणारा काळा माणूस. लेनशी त्याचं रोज भांडण व्हायचं, आणि आता भांडायला कोणी नसल्यामुळे त्याला काय करावं ते कळत नव्हतं. त्याने पेटी उघडली आणि हात मागे घेतला.

"ही लेनने भरलेली नाही."

"कशावरून?"

"वीज मोजायचं मीटर चालूच आहे बघा. हा माणूस बॅटरीसाठी माझ्याशी भांडायचा. मीटर बंद केल्याशिवाय तो जेवायलासुद्धा उठायचा नाही." मग त्याने तळाशी चाचपून एक छोटं पाकीट काढलं. आत काळा चौकोनी तुकडा होता, चार पाय असलेला. "आणि हा बसवलाच नाही त्याने. याच्यासाठीच तर गेला होता. फोनवर ऐकून मीच म्हटलं होतं, फ्यूज उडाला असेल, पण तो उगाच नाही उडत, हाच गेला असणार."

"हा काय करतो?"

ओडेलने तिला कागदावर काढून दाखवलं. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये येते. तिथून वाटा फुटतात. एक वाट थेट दिव्यांकडे जाते, दिव्यांना कशीही वीज चालते. दुसरी वाट या तुकड्यातून जाते. हा त्या उलटसुलट विजेला एका दिशेला वळवतो. मशीनचा मेंदू त्या सरळ विजेवर चालतो.

रेनाटा कागदाकडे बघत राहिली.

"म्हणजे हा तुकडा मेला असला, तरी दिवे लागतील?"

"फ्यूज नवा घातला आणि ही वाट सोडवून ठेवली की झक्क लागतील. जत्रा वाटेल जत्रा."

"आणि वरचे आकडे?"

"काळे."

"नाणं टाकेपर्यंत काळेच असतात ना?"

"छे हो बाई. हे मशीन चालू केलं की शून्य तरी दाखवतंच." ओडेल थांबला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली. "तुम्ही पाहिलंत ते काळे होते?"

"चारही."

ओडेलने काळा तुकडा परत पाकिटात टाकला. मग ओडेल म्हणाला की मशीन नंतरही बिघडू शकतं, टीडमन तेच सांगेल. रेनाटालाही ते पटत होतं. म्हणूनच मशीनचं पोट उघडून पाहायला हवं, ती म्हणाली. न्यायाधीशांकडून झडतीचा हुकूम मिळवायला तिला बरीच हुज्जत घालावी लागली. पण सकाळी ती ओडेल आणि दोन शिपायांना घेऊन पुन्हा तळ्यावर आली. एका शिपायाला तिने बर्फावर पाठवलं, तपकिरी खोपटीकडे.

टीडमनने हुकूम वाचला, घडी करून परत दिला आणि तळघरातल्या खुर्चीत जाऊन बसला.

"काच जपून काढा," एवढंच तो ओडेलला म्हणाला.

ओडेलने मशीनची तार भिंतीतून काढली. वरची पेटी उघडली, झाकण बाजूला केलं आणि बॅटरी आत धरली. रेनाटा त्याच्या खांद्यामागून पाहत होती. पॉवर सप्लायच्या पाटीवर तसलाच चौकोनी तुकडा बसलेला होता, जुना, एका कडेला करपलेला. त्याच्याकडे येणाऱ्या दोन जाड तारा सोडवून बाजूला वाकवल्या होत्या. टोकं स्वच्छ, चकचकीत.

"तारा तुटल्यात?" तिने विचारलं.

"तुटल्या नाहीत. कथलाचे डाग वितळवून सोडवल्यात. नवा तुकडा बसवायची तयारी." ओडेलने बोटाने जागा दाखवली. "इथपर्यंत तो आला होता."

"या अशा असताना डाव खेळता येईल?"

"चेंडूच वर येणार नाही."

रेनाटा टीडमनकडे वळणार इतक्यात ओडेलने बॅटरी आणखी आत नेली. तिथे एक हिरवी तार होती, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली. दोरा सिगारेटच्या धुराने पिवळा पडला होता.

"दात साफ करायचा दोरा," ओडेल हळू म्हणाला. "लेन तारा अशाच बांधायचा. मी हसायचो त्याला. पण हे बांधून वर्षं झाली. ही खालची पट्टी मी कापलेली आहे, वाकडी गेली म्हणून त्याने मला आठवडाभर टोमणे मारले." तो वळला. "हे मशीन आम्ही सीसेरोला दुरुस्त केलं होतं. सेडलाकच्या बारमध्ये. ते तर जळालं. बारसकट. बो सेडलाकसकट."

टीडमन हलला नाही. रेनाटाने जिन्याची पायरी धरली आणि त्याच्यासमोर बसली.

"बो सेडलाक तुमचाच भागीदार होता ना?"

"हो."

"आणि काचेचा पेलासुद्धा वाचला नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत."

टीडमनची नजर मशीनच्या उघड्या पोटाकडे गेली.

"मग मी सांगते, चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "बार जळाला तेव्हा आपण तिथे नव्हतो, असं तुम्ही चौकशीत सांगितलं असणार. सेडलाक दारू पिऊन झोपला, सिगारेट पडली, असं सगळ्यांनी धरलं असणार. पण हे मशीन इथे आहे. म्हणजे आग लागण्याआधी कोणीतरी ते बाहेर काढलं. आग लागणार हे त्या माणसाला माहीत होतं, कारण ती तोच लावणार होता. याच्यासारखी हजारो मशीनं निघाली आहेत, काचेवरून कोणी ओळखणार नव्हतं. बारमधलं मशीन बिघडलं की सेडलाक सकाळी, तुम्ही नसताना, कारागीर बोलवत असणार. म्हणून लेन कोण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. नेमक्या त्याच्याच दुकानाला तुम्ही फोन लावलात.

"लेनने आधी तारा सोडवल्या आणि फ्यूज बदलला, दिवे लागले. मग तो नवा तुकडा बसवायला आत वाकला, आणि तिथे त्याला स्वतःच्या हाताचं काम दिसलं. लेन मनात काही ठेवणारा नव्हता, तो बोलला असणार. त्यानंतर दुरुस्ती पुढे सरकली नाही. तुम्ही त्याची हत्यारं आवरलीत, चालू मीटरसकट. बसवायचा तुकडा पाकिटासकट पेटीत टाकलात, कारण तो कशाचा हे तुम्हाला कळत नव्हतं. गाडी स्टेशनला सोडलीत. बटण दाबल्यावर दिवे लागत होते, तेवढ्यावर तुम्ही मशीन दुरुस्त झालं असं धरलंत. मला डावाची गोष्ट सांगितली नसतीत, तर मी पोट उघडायला आलेही नसते."

जिन्यावर पावलं वाजली. बर्फावर गेलेला शिपाई खाली आला. त्याचे ओठ निळे पडले होते. खोपटीच्या आतलं भोक मासे धरायचं नाही, तो म्हणाला. करवतीने कापलेलं, माणूस जाईल एवढं. वर नवा पातळ बर्फ धरलाय. त्याखाली काहीतरी दोरीने खोपटीला बांधलेलं आहे.

ओडेल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

टीडमन बोलला तेव्हा त्याचा आवाज शांत होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. सेडलाकला बार विकायचा होता. भांडण झालं, टीडमनने त्याला ढकललं, सेडलाकचं डोकं काउंटरच्या पितळी कडेवर आपटलं. तो मेला असं टीडमनला वाटलं. मग आग लावायची ठरली.

"आणि मशीन?"

"ते ट्रकवर चढवलं आधी." त्याने हात पसरले. "वीस वर्षं मी रोज ते पुसत होतो. जाळायला हात धजावला नाही."

"आणि लेन?"

"म्हणाला, हे तर सेडलाकचं मशीन. हसत म्हणाला. चांगल्या मनाने. वाचलं म्हणून त्याला आनंद झाला होता." टीडमन खिडकीकडे पाहत राहिला. "पण घरी जाऊन तो विचार करत बसला असता. बर्फ फोडायची पहार दाराशीच होती."

हातकड्या घातल्यावर त्याने विचारलं की मशीन कुठे नेणार, ओलसर जागी तर ठेवणार नाहीत ना. शिपायांनी त्याला जिन्याकडे वळवलं.

पाणबुड्यांनी लेनला वर काढलं. दोन दिवसांनी रेनाटा फ्लॉरेन्सकडे गेली. फ्लॉरेन्सने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं.

"पाण्यात टाकला तेव्हा जिवंत होता?"

"नाही. फुफ्फुसात पाणी नव्हतं. घाव बसला तेव्हाच संपलं होतं सगळं."

फ्लॉरेन्सने मान हलवली. "त्याला थंडी अजिबात सोसायची नाही," ती म्हणाली. मग ती रडली. रेनाटा तिच्याजवळ बसून राहिली.

बाहेर आल्यावर ती गाडीत नुसतीच बसली. बाजूच्या सीटवर जुन्या आगीची फाईल होती, तिने आदल्या दिवशी मागवून घेतलेली. बो सेडलाकच्या फुफ्फुसात काजळी भरलेली होती. तो धूर ओढत राहिला होता. म्हणजे टीडमन मशीन ट्रकवर चढवत होता, नंतर काडी ओढत होता, तेव्हा बो जमिनीवर पडून श्वास घेत होता. त्याची बायको इर्मा अजून सीसेरोलाच राहत होती. आजवर तिला वाटत होतं की तिचा नवरा झोपेतच गेला.

रेनाटाने गाडी सुरू केली आणि सीसेरोच्या रस्त्याला लावली.