अशी ताडपत्री होतच नाही

उमेंद्र राहांगडाले आमच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तो धापा टाकतच. गोंदियाजवळच्या गोरेगाववर ढग जमले होते, धान कापून शेतातल्या बांध्यांमध्ये पडलेलं, आणि ज्याला त्याला ताडपत्री आत्ताच्या आत्ता हवी होती. बाबा मागे बसून काठांना पितळी कड्या ठोकत होते, मी शिलाई मशीनवर. सकाळपासून गिऱ्हाइकांवर खेकसून माझा घसा बसला होता.

"धानाच्या पुंजण्यावर, ढिगावर टाकाची आहे जी," तो म्हणाला. "जुनी उंदरांनी कुरतडली. तशीच पाहिजे."

"लांबी-रुंदी सांगा."

"ते… नाही आठवत. चारशे बत्तीस चौरस फूट होती, एवढं पक्कं. अन् काठाले चारी बाजूंनी दोरी लागली होती चौऱ्याऐंशी फूट."

दुसऱ्या कुणाला मी सरळ परत पाठवलं असतं. पण याच्या कॉलरवर तणसाची काडी अडकली होती, आणि तो असा काही गोंधळून उभा होता की… जाऊ दे. शिवाय गोंदियाच्या कॉलेजात मी गणित घेऊन बी.एस्सी. केलेली, आणि दिवसभर टाके घालून डोकं नुसतं आंबलेलं. निम्मी दोरी म्हणजे लांबी-रुंदीची बेरीज, बेचाळीस. दोन्हींचा गुणाकार चारशे बत्तीस. बेचाळीसचे निम्मे एकवीस, एकवीसचा वर्ग चारशे एक्केचाळीस. त्यातून चारशे बत्तीस गेले, उरले नऊ, आणि नऊचं वर्गमूळ तीन. आता एकवीसमध्ये तीन मिळवायचे, एकवीसमधून तीन काढायचे.

"चोवीस बाय अठरा," मी म्हटलं.

"तोंडी केलं?"

"मग काय पाटी-पेन्सिल आणू?"

तो हसला. हसताना त्याचे कान लाल होतात, हे मला त्याच दिवशी कळलं. जाताना फोन नंबर देऊन गेला, ताडपत्री झाली की कळवायला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. या वेळी काकांसाठी. क्षेत्रफळ तीनशे, काठ सत्तर.

"वीस बाय पंधरा," मी म्हटलं. "पण मोजून आणायले काय होते तुमाले? घरी टेप नाही का?"

"आहे जी. पण तुमी सांगितलं का बरं वाटते."

एरवी माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. त्या दिवशी मात्र मी मशीनमध्ये दोरा ओवत बसले, आणि तो सुईत जाईना.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा गाडीवरून उतरलाही नाही. "पाचशे चौरस फूट, काठ ऐंशी. शनिवारी नेतो," असं म्हणाला आणि निघूनही गेला.

त्याच संध्याकाळी बाबांनी कड्या ठोकणं थांबवलं. "दुर्गेश्वरी, रविवारी अकरा वाजता बालाघाटचे पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले. टुरा बँकेत आहे. तुया मनात दुसरा कोणी असन तं आताच सांग. एकदा ते घरात आले, का मले नाही म्हणता येणार नाही."

मी काय सांगणार होते? एक माणूस येतो, आकडे सांगतो आणि जातो, एवढंच?

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि रागारागाने त्याची ताडपत्री शिवायला बसले. काठाचे निम्मे चाळीस. त्याचे निम्मे वीस. विसाचा वर्ग चारशे. चारशेतून पाचशे वजा… मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. ऐंशी फूट काठात फार फार तर चारशे चौरस फूट मावतात, तेही चारही बाजू सारख्या ठेवल्या तर. पाचशे कोणत्याही जन्मात मावणार नाहीत.

म्हणजे त्यानं काही मोजलंच नव्हतं. पण का? मला भेटायला काहीतरी निमित्त हवं म्हणून… की नुसताच वेंधळा म्हणून? माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. टाका तिरका पडायचा, उसवायचा, पुन्हा पडायचा. बाहेर मोटरसायकल वाजली की मी दारात, आणि असायचा कुणीतरी दूधवाला. त्याचा नंबर फोनवर काढायचे आणि ठेवून द्यायचे. मी कायले फोन करू? गरज त्याला आहे, मला नाही. असं स्वतःलाच सांगत होते, आणि ढग तसेच लोंबत होते. ना बरसत होते, ना जात होते.

शनिवारी तो आला.

"झाली का जी?"

"नाही झाली."

"काऊन?"

"अशी ताडपत्री होतच नाही. ऐंशीच्या काठात पाचशे मावत नाही. आकडे चुकले तुमचे."

"चुकले नाही," तो हळूच म्हणाला. "मीही गणितच घेतलं होतं कॉलेजले. म्हटलं, हिशेब जमला नाही का तुमी फोन करान. तवापासून फोन हातात घेऊन फिरून राहिलो मी… तुमी केलाच नाही."

म्हणजे तिकडे हाही असाच तळमळत होता.

"अन् धान?"

"कधीचं मळून घरी गेलं."

"उद्या मले पाहाले पाहुणे येऊन राहिले," मी एका दमात सांगून टाकलं. "अकरा वाजता."

त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं मान वर केली. "मग आमी नऊलेच येतो. मी अन् आई. तुमी या म्हणाल तं."

मला 'या' म्हणायचं होतं. पण मागे बाबा होते, आणि त्यांनी पाहुण्यांना शब्द दिलेला होता. "सांगते," एवढंच निघालं तोंडून. त्यानं मान हलवली आणि वळला.

तो दाराबाहेर जाताच मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "मी खोटं बोलली त्या दिवशी. मले उमेंद्र आवडते. बालाघाटवाल्यायले नाही म्हणा."

बाबांनी हातातली कडी ठोकून पुरी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून फोन काढत म्हणाले, "त्याच्या मायले चहा गोड लागते का फिका, इचारून घे. जाय लवकर, गाडी चालू केली त्यानं."

मी चप्पल न घालताच धावले. बाजाराच्या गर्दीत तो वळणावर अडकला होता. मी त्याच्या गाडीचं हॅन्डल धरलं. मला धाप लागली होती.

"तुमच्या आईच्या चहात… साखर किती टाकू?"

हळूहळू त्याचे कान लाल होत गेले.

"डॉक्टरनं साखर बंद केली आहे तिची," तो म्हणाला. "पण उद्या ती गोडच मागेल."