क्षमाच्या वाटणीची कॉफी

भरलेला कप क्षमाने नळाखाली उपडा केला, आणि जायफळाचा वास स्वयंपाकघरभर पसरला.

"मला नकोय कॉफी. उद्यापासून माझी करूच नका, आई!"

सून खोलीत निघून गेली, दारही आपटलं. नलिनीताई ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. चार दिवस... चार दिवस हेच चाललं होतं! सात वर्षांत जिने कधी वरच्या आवाजात शब्द काढला नव्हता, तिने त्यांच्या हातची कॉफी अशी ओतून द्यावी? असं कोणतं पातक घडलं होतं त्यांच्या हातून? अपमान तर झालाच होता, पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, त्यांचं डोकं सणकलं.

कारण सगळा खटाटोप त्या कॉफीसाठीच तर चालला होता! मुलाला, सुयोगला, सातला मुलुंडहून अंधेरीला निघायचं असे, म्हणून कॉफी साडेसहाला व्हायची. क्षमा मात्र नऊपर्यंत लॅपटॉपपुढे मीटिंगमध्ये अडकलेली. बाहेर येऊन ती साय धरलेली गारढोण कॉफी उभ्या उभ्या पिऊन टाकायची. परत गरम केली की चव जाते, आणि नव्याने करू म्हटलं तर "कशाला दोनदा खपता, आई," म्हणून हात धरायची. शेवटी नलिनीताईंनी चिनी मातीच्या किटलीसाठी लोकरीची टीकोझी, कॉफी गरम ठेवणारं आवरण, विणायला घेतली. तीही गुपचूप, कारण पहिल्या दोन साफ फसल्या होत्या. एकीतून किटलीची चोच बाहेर येईना, दुसरीतून मूठ, आणि विकतची लोकर त्यातच संपली. मेलं ते भोक नेमकं कुठे ठेवायचं, हे मोजता मोजता त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"आता कसलं गुपित आणि कसलं काय!" असं पुटपुटत त्या सुया घेऊन हॉलमध्येच बसल्या. शनिवार असल्याने सुयोग घरीच, पेपर वाचत होता. शेवटचा टाका घालून त्यांनी लोकर तोडली, तेवढ्यात क्षमा बाहेर आली... आणि त्यांच्या हाताकडे बघून जागीच थिजली.

"बास ना, आई! आता तरी बास!" तिचा आवाज चिरकला. "मुंबईत बाई लोकर घेऊन बसते ती कोणासाठी, कळतं मला. तुमच्या पिशवीत चार दिवसांपूर्वी बाळाच्या दोन टोप्या बघितल्या मी, लपवून ठेवलेल्या. आता ही तिसरी! तीन वर्षं डॉक्टरांकडे खेटे घालतेय... तोंडावर बोलला असतात तरी चाललं असतं. हे असलं नका ना करू!"

"आई, तू पण ना यार," सुयोग मान खाली घालून म्हणाला. "कशाला विणायचं?"

नलिनीताई ताडकन उठल्या, किटली आणून टेबलावर आदळली आणि टीकोझी तिच्यावर चढवली. एका भोकातून चोच आली, दुसऱ्यातून मूठ. नेमकी!

"बघ! असलं डोकं असतं का गं कुठल्या बाळाचं? तू रोज गार कॉफी पितेस, ते बघवेना मला!"

क्षमाने हात त्या पिवळ्या लोकरीवर ठेवला. ही लोकर तिच्या ओळखीची होती. सुयोग पोटात असताना विणलेला तो इवलासा स्वेटर, लग्नानंतर सासूबाईंनी कौतुकाने दाखवलेला... नातवासाठी जपलेला...

"आई... तो स्वेटर?"

"उसवला," नलिनीताई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. जो अजून आला नाही त्याच्यासाठी कपाटात ऊब सांभाळायची, आणि घरातल्या पोरीने गार प्यायचं? नाही पटलं मला."

तो उसवताना त्या किती रडल्या होत्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगायला वेळही मिळाला नाही. क्षमा त्यांच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडत होती. "मला एकदा विचारायचं तरी होतंस, वेडे," त्या तिच्या केसांत बोलत राहिल्या, "आणि मीही मेली, सांगायला हवं होतं..."

सोमवारी नऊला मीटिंग संपवून क्षमा बाहेर आली. तिने पिवळी टीकोझी उचलली, कप भरला आणि एक घोट घेतला.

"ऊन आहे, आई."

"मग पी ना, बघत काय बसलीस! गार होईल!" नलिनीताई खेकसल्या, आणि चटकन भांडी घासायला वळल्या.